चार या आकड्याची गोष्ट

२००९ सालच्या वसंतातली गोष्ट आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' हे अमेरिकेतलं जुनं, वैद्यकाच्या जगात फार मान असलेलं साप्ताहिक. त्याच्या २६ मार्चच्या अंकात दोन अभ्यास छापून आले, एक युरोपचा आणि एक अमेरिकेचा. दोन्हींचा प्रश्न एकच होता. काही त्रास नसलेल्या पुरुषांची पीएसए नावाची रक्ततपासणी करत राहिलं, तर प्रोस्टेटच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी होतात का? आणि लगेच पुढच्या, म्हणजे २ एप्रिलच्या अंकात आपल्या मराठवाड्यातला एक अभ्यास आला. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या बायकांचा, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा.

हे दोन अंक शेजारी ठेवून वाचले की बरंच काही कळतं. आता तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट आज कशाला उकरून काढली? कारण असं की आमच्या चंद्रपुरात हल्ली 'फुल बॉडी चेकअप'चं पेव फुटलं आहे. साठीच्या पुढचे लोक वाढदिवसाला पोरांकडून चेकअपचं पॅकेज भेट घेतात, आणि त्या चार-पाच पानी रिपोर्टात कुठेतरी एका ओळीत पीएसए असतो. समोर मर्यादा छापलेली असते, ० ते ४. आकडा चारच्या वर गेला की ठळक अक्षरात येतो आणि त्या घराची झोप उडते. हा चार आला कुठून, ते मला शोधावंसं वाटलं. मी डॉक्टर नाही, पण इतिहास वाचायची खोड आहे. तर ही त्या चाराची गोष्ट.

आधी ग्रंथीबद्दल दोन शब्द. प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी, लघवीची नळी तिच्या मधून जाते. ती एक प्रथिन तयार करते, तोच पीएसए. वीर्य पातळ ठेवणं हे त्याचं काम. त्यातलं अगदी थोडं रक्तात झिरपतं, ते मोजतात नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात. आता नीट लक्ष द्या. हे प्रथिन कॅन्सरचं नाही, प्रोस्टेटचं आहे. ग्रंथी वयाने वाढली, सुजली, तिथे जंतुसंसर्ग झाला, लघवी तुंबून नळी घालावी लागली, तरी ते रक्तात जास्त झिरपतं. कॅन्सर झाला तरीही झिरपतं. आकडा फक्त सांगतो की ग्रंथीत काहीतरी चाललं आहे. काय चाललं आहे हे त्याला सांगता येत नाही.

१९७० साली अमेरिकेत रिचर्ड अॅब्लिन यांनी प्रोस्टेटमधल्या अशा खास द्रव्यांबद्दल लिहिलं. त्याच सुमारास जपानमध्ये मित्सुओ हारा वीर्यातल्या प्रथिनाचा अभ्यास करत होते, त्यांना ते न्यायवैद्यकासाठी, बलात्काराच्या गुन्ह्यांच्या तपासासाठी हवं होतं. १९७९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो इथल्या रोझवेल पार्क संस्थेत मिंग चू यांच्या गटाने ते प्रोस्टेटच्या पेशींतून शुद्ध स्वरूपात वेगळं केलं, आणि लवकरच ते रक्तात मोजता येऊ लागलं.

१९८६ साली अमेरिकन सरकारने या तपासणीला परवानगी दिली. कशासाठी दिली होती पहा. ज्यांना प्रोस्टेटचा कॅन्सर झाला आहे हे आधीच ठाऊक आहे, त्यांच्या उपचारानंतर रोग परततो आहे का, यावर नजर ठेवायला. या कामात पीएसए फार चोख आहे. ऑपरेशनने ग्रंथी काढून टाकली की आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा. तो पुन्हा चढू लागला तर रोग कुठेतरी शिल्लक आहे. प्रश्न नेमका, म्हणून उत्तरही नेमकं.

मग १९९१ मध्ये विल्यम कॅटलोना यांनी त्याच न्यू इंग्लंड जर्नलमध्ये १६५३ पुरुषांचा अभ्यास छापला. ज्यांचा पीएसए ४ ते ९.९ होता त्यांच्यापैकी बायोप्सी केलेल्यांत २२ टक्क्यांना कॅन्सर सापडला, १० किंवा त्याहून जास्त असलेल्यांत ६७ टक्क्यांना. १९९४ साली रोग शोधण्यासाठीही, म्हणजे पन्नाशीपुढच्या पुरुषांत डॉक्टरांनी बोटाने करायच्या तपासणीच्या जोडीने, तिला परवानगी मिळाली आणि चारची रेघ कायम झाली. मुळात ही रेघ म्हणजे काय, तर निरोगी दिसणाऱ्या बहुतेक पुरुषांचे आकडे जिच्या खाली येतात अशी सोयीची जागा. शरीरात चारपाशी कोणतंही दार नाही. ३.९ ला बरं आणि ४.१ ला वाईट, असं काही घडत नाही. आणि २२ टक्के या आकड्याची दुसरी बाजूही पहा. चार ते दहाच्या मधल्या दर पाचांपैकी जवळजवळ चौघांना बायोप्सीत कॅन्सर सापडलाच नव्हता.

चाराला खरा धक्का बसला २००४ साली. एका मोठ्या प्रयोगात, ज्यांचा पीएसए सतत चार किंवा त्याहून कमी होता अशा २९५० पुरुषांची सात वर्षांनंतर बायोप्सी केली होती. त्यांच्यातही १५ टक्क्यांना कॅन्सर सापडला! म्हणजे रेघेच्या खाली कॅन्सर आहे, रेघेच्या वर बहुतेकांना नाही. मग ही रेघ तरी कसली?

पण याचं उत्तर प्रोस्टेटच्या स्वभावात आहे, आणि तो स्वभाव डॉक्टरांना आधीपासून ठाऊक होता. इतर कारणांनी मेलेल्या वृद्ध पुरुषांच्या शवविच्छेदनात प्रोस्टेटमध्ये बारीक कॅन्सर सापडतात, हे पन्नासच्या दशकातच लिहिलं गेलं होतं. वय वाढतं तसं हे प्रमाण वाढतं. माणूस हृदयविकाराने जातो, न्यूमोनियाने जातो, आणि हा कॅन्सर त्याच्या सोबत मुकाट्याने जातो. त्याला आयुष्यभर कळतही नाही. याच ग्रंथीचा दुसरा कॅन्सर मात्र हाडांत शिरतो आणि माणसाला संपवतो. पीएसए या दोघांत फरक करू शकत नाही. जे शोधतो ते सापडतं, पण सापडलेलं सगळं मारणारं नसतं.

आता पुन्हा २००९ कडे येऊ. युरोपच्या अभ्यासात मुख्य वयोगटातले १ लाख ६२ हजार पुरुष होते. सुमारे नऊ वर्षांनी दिसलं की तपासणीने प्रोस्टेटच्या कॅन्सरचे मृत्यू २० टक्क्यांनी कमी झाले. ऐकायला फार छान. पण एक मृत्यू टळावा म्हणून १४१० पुरुषांना तपासावं लागलं आणि जास्तीच्या ४८ जणांवर उपचार करावे लागले. त्या ४८ पैकी एकाचा जीव वाचला. बाकीच्यांत कित्येक जण असे, की ज्यांना ऑपरेशनची किंवा रेडिएशनची गरजच नव्हती, पण लघवीवरचा ताबा आणि संसारसुख मात्र काहींनी गमावलं. अमेरिकेच्या अभ्यासात तर फायदाच दिसला नाही. (पुढे कळलं की तिथल्या 'न तपासलेल्या' गटातल्या पुष्कळांनी बाहेरून तपासणी करून घेतली होती, त्यामुळे तुलनाच पातळ झाली.)

आणि उस्मानाबाद? टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधल्या ल्योंची आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून ते काम केलं. १ लाख ३१ हजार बायका, ५२ गट. एका गटातल्या ३४ हजार बायकांची एकदाच, आयुष्यात एकदाच, एचपीव्ही विषाणूची तपासणी केली आणि जिथे दोष दिसला तिथे उपचार केले. आठ वर्षांत त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. ज्यांना नेहमीसारखी वागणूक मिळाली त्या साडेएकतीस हजारांच्या गटात ६४. मृत्यू जवळजवळ निम्मे! तेही सोलापूर-मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांत.

दोन्हीकडे तपासणीच, मग फरक कसला? तिथे कॅन्सर होण्याआधीची पायरी सापडते आणि छोट्या उपचाराने ती पुसता येते. इथे कॅन्सरच सापडतो, पण तो झोपलेला की जागा हे कळत नाही, आणि उपचार मात्र मोठा. 'लवकर निदान म्हणजे जीवदान' हे वाक्य आपण भिंतींवर वाचत आलो. ते कुठल्या अवयवाबद्दल बोलता यावर अवलंबून आहे.

नंतरच्या वर्षांत चित्र थोडं सावरलं. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये ही तपासणी सरसकट करूच नका असं सांगितलं, २०१८ मध्ये भूमिका मवाळ करून ५५ ते ६९ वयात डॉक्टरांशी बोलून ज्याचं त्याने ठरवावं असं म्हटलं, आणि सत्तरीनंतर नकोच. २०२५ साली युरोपच्या त्याच अभ्यासाचे २३ वर्षांचे निकाल आले. मृत्यू १३ टक्क्यांनी कमी, दर ४५६ जणांना बोलावलं तर एक मृत्यू टळतो. म्हणजे फायदा आहे, पण तो फार सावकाश पिकतो. पंचावन्न वर्षांच्या माणसाला तो मिळू शकतो, ऐंशीच्या आजोबांना त्याची फळं चाखायला वेळच नाही. आणखी एक मोलाची गोष्ट ब्रिटनमधून कळली. प्रोस्टेटपुरताच मर्यादित कॅन्सर सापडलेल्या १६४३ पुरुषांतल्या काहींचं ऑपरेशन केलं, काहींना रेडिएशन दिलं, काहींवर नुसती नजर ठेवली. पंधरा वर्षांनंतर तिन्ही गटांत या कॅन्सरने गेलेले सुमारे ३ टक्केच! म्हणून आता सौम्य कॅन्सर सापडला तरी लगेच चाकू न उचलता लक्ष ठेवण्याची पद्धत रूढ झाली आहे.

हे सगळं वाचायची वेळ माझ्यावर मामामुळे आली. आमचे मामा मूलला असतात, निवृत्त शिक्षक, वय ७१. पोरांनी पॅकेज काढलं, पीएसए ६.८ आला. घरात मामीला कोणी काही सांगेना, आणि सांगेना म्हणूनच तिला सगळं कळलं. मामांचा एकच प्रश्न, "अरे बाबा, मले तर काही त्रास नाही, मंग हा आकडा कशाचा?" नागपूरच्या मूत्ररोगतज्ज्ञांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी पंधरा मिनिटं नुसतं विचारलं. वडिलांना, भावाला हा आजार होता का? (जवळच्या नात्यात असेल तर धोका साधारण दुप्पट होतो.) केस गळण्यासाठी किंवा ग्रंथीसाठी फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड असल्या गोळ्या चालू आहेत का? (त्यांनी पीएसए निम्मा होतो, म्हणजे खरा आकडा दिसतो त्याच्या दुप्पट धरायचा.) त्या आठवड्यात लघवीला जळजळ होती का? ती होती! मामा तिला उन्हाळी समजून धण्याचं पाणी पीत होते.

लघवीत जंतू निघाले. औषध झालं, दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, आकडा ४.६ वर आला. अजून चारच्या वरच. पण बोटाने तपासल्यावर ग्रंथी मऊ, गुळगुळीत, गाठ नाही. सोनोग्राफीत ती ६० ग्रॅमची, म्हणजे नेहमीच्या दुप्पट-तिप्पट. डॉक्टरांनी कागदावर ४.६ ला ६० ने भागून दाखवलं, ०.०८ च्या आसपास. मोठ्या ग्रंथीतून जास्त झिरपणारच, हा भागाकार साधारण ०.१५ च्या वर गेला की काळजी वाढते. म्हणून सध्या सहा महिन्यांनी पुन्हा आकडा पाहायचा, चढत राहिला तर एमआरआय, आणि एमआरआयमध्ये संशय आला तरच बायोप्सी. वाढलेला पीएसए एकदाच पाहून घाबरू नये याला आधारही आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात चारच्या वर आकडा गेलेल्या १५४ जणांपैकी ४४ टक्क्यांचा पुढच्या चार वर्षांत एकदा तरी आपोआप खाली आला होता.

पण मंडळी, गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धवट राहील, कारण त्याच दवाखान्याच्या बाकावर मला दुसरी बाजू भेटली. अहेरीच्याही पलीकडून आलेला एक शेतकरी, वय पासष्टच्या आसपास, मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन बसलेला. सात-आठ महिने कंबर दुखत होती. "धानाच्या रोवण्यानं दुखते म्हनून समजलो जी," मुलगा सांगत होता. गोळ्या, मालिश, झाडपाला सगळं झालं. मग लघवी अडू लागली, मग पायातलं बळ गेलं. त्यांचा पीएसए शेकड्यांत होता. तिथे भागाकाराची, पुन्हा तपासायची, वाट पाहायची काही गरजच नव्हती. रोग मणक्यांत पोचला होता.

त्यांच्यासाठी जो उपाय झाला त्याचाही इतिहास आहे. १९४१ साली शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं की पुरुषी संप्रेरक बंद केलं की हाडांत पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सरही आक्रसतो. १९६६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. वृषणं काढण्याचं ते छोटं ऑपरेशन आजही गरीब माणसाला परवडतं, दर महिन्या-तीन महिन्यांच्या महाग इंजेक्शनांऐवजी एकदाच होतं. आणि मणक्यावर दाब आला असेल तर पायांसाठी तास मोजावे लागतात, दिवस नाही. मुलाशी पुढे फोनवर बोलणं झालं. दुखणं दोन आठवड्यांत पुष्कळ उतरलं, पण पाय पूर्ण परतले नाहीत.

एकच तपासणी, दोन माणसं. मूलच्या मामांना तिची फार घाई झाली, अहेरीच्या शेतकऱ्याला तिला फार उशीर झाला. मामांना त्रास नव्हता आणि आकडा होता, त्यांना त्रास होता आणि आकडा नव्हता. आपल्या दोन जिल्ह्यांत हे दोन्ही एकाच वेळी चाललं आहे, आणि मला याचंच जास्त वाटतं. त्रास नसलेल्यांना पॅकेज विकलं जातं, आणि त्रास असलेल्याची कंबर कोणी लघवीबद्दल विचारून तपासत नाही.

विचारणं किती महत्त्वाचं ते खरं तर गडचिरोलीनेच जगाला शिकवलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या अभ्यासात जिल्ह्यातल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, तर ९२ टक्क्यांना स्त्रीरोग निघाले. आधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. त्या बायका गप्प होत्या, म्हणून त्रास नव्हता असं नाही. पुरुषांच्या लघवीच्या तक्रारींचंही तसंच. रात्री चारदा उठणं, धार बारीक होणं हे 'वय झालं' म्हणून सोडून दिलं जातं. (आणि ते बहुतेक वेळा खरोखरच साध्या ग्रंथीवाढीने असतं, हेही सांगून ठेवतो.) पण लघवीतून रक्त येणं, लघवी अडणं, रात्रीही न थांबणारं कंबरेचं-हाडांचं दुखणं, पायात बळ नसणं... यातलं काही असेल तर पीएसए हा चैनीचा प्रश्न राहत नाही. तेव्हा तो करायचाच, आणि लगेच.

ज्यांना काहीच नाही त्यांनी काय करावं? पन्नाशी-साठीत असाल, घरात कोणाला झाला असेल, तर डॉक्टरांशी आधी बोलून, 'आकडा वाढला तर पुढे काय करणार' हे ठरवून मग रक्त द्यावं. पंचाहत्तरीपुढच्या वडिलांना पॅकेज भेट देण्यापेक्षा त्यांच्याबरोबर दोन दिवस राहावं. आणि आपल्या भागातल्या पुरुषाला कॅन्सर लवकर शोधायचाच असेल, तर सगळ्यात स्वस्त तपासणी आरशासमोर आहे. तोंड उघडून पाहणं. सरकारच्या कार्यक्रमात तपासायचे म्हणून जे तीन कॅन्सर निवडले आहेत ते तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा, प्रोस्टेट त्यात नाही, आणि खर्रा घोटणाऱ्या आपल्या जिल्ह्यांना ते कारण समजावून सांगायला नको. पीएसएच्या रिपोर्टची चिंता करत गालात खर्रा धरलेले गृहस्थ मी स्वतः पाहिले आहेत!

परवा मामांचा फोन होता. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. त्यांनी एका वहीत तारीख, आकडा आणि त्या दिवशी लघवीला जळजळ होती की नाही, असे तीन रकाने आखले आहेत. शिक्षक माणूस. म्हणाले, "आता एक आकडा पाहून नाही भेत, चार-पाच झाले की मंग पाहू रेघ कुठं चालली ते."